ट्रकमागचा ओके

(दृश्य: नागपूर, अमरावती रोडवरचं वाडी. उभ्या ट्रकच्या मागच्या फळीवर ब्रश फिरतोय.)

'ओ' एका दमात, हात न उचलता. 'के'चा पाय मात्र पेंटर लांबवतो आणि टोकाला शेपटी काढतो. भाऊ, याचा अर्थ काय?

"अर्थ काय राहते त्याचा? ओके म्हणजे ओके."

क्लीनरकडे मात्र उत्तर तयार आहे. दुसऱ्या महायुद्धात डिझेल मिळेना, गाड्या रॉकेलवर चालायच्या, म्हणून 'ऑन केरोसीन'. गोष्ट झक्कास आहे. पण ओके त्या युद्धाहून शंभर वर्षांनी मोठा.

२३ मार्च १८३९. 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या अमेरिकी वर्तमानपत्रात तो छापून आला. तिथल्या पत्रकारांना तेव्हा एक खूळ लागलं होतं: स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं आणि नुसती आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट'चं केलं 'oll korrect', त्याचं झालं ओ आणि के. म्हणजे 'सगळं बरोबर' सांगणारी दोन अक्षरं, अन् दोन्ही चूक! 'ऑल राइट'चंही असंच 'oll wright' करून 'ओ डब्ल्यू' केलं होतं. ते आज कुणाला ठाऊक आहे?

ओके तगला तो निवडणुकीमुळे. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे राहिले. गाव किंडरहुक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक'. समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी कंडी पिकवली, की आधीचे अध्यक्ष जॅक्सन यांना स्पेलिंगच येत नव्हतं, ते कागदांवर ओके असाच शेरा मारायचे. व्हॅन ब्युरेन पडले. शब्द मात्र घरोघरी गेला.

मग जो तो आपापली व्युत्पत्ती सांगू लागला. कुणी तो अमेरिकेतल्या मूळच्या चोक्टॉ लोकांच्या भाषेतला म्हणे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनाही तेच पटलं होतं. शेवटी ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं उपसली आणि १९६३-६४ मध्ये बोस्टनचा धागा लोकांपुढे ठेवला.

(दृश्य: पुन्हा फळी.)

२०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ट्रकमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई केली. उगाच हॉर्न वाजवायला निमित्त नको म्हणून. या फळीवर आता हॉर्न नाही, प्लीज नाही. दोन बाजूंना कमळं, मधे ओके.

ड्रायव्हर चहा संपवून येतो. मान तिरकी करून बघतो.

"के वाकडा झाला नं भाऊ."

"राहू दे. चालते."