बी कोण नेतं?

मंडळी, विषय 'सह्याद्रीतली फळं आणि बीजप्रसार' असा जाहीर झालाय. तुम्ही सगळे रानात हिंडणारे, त्यामुळे शेंग कशाला म्हणायचं नि बोंड कशाला, इथून सुरुवात करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की रानातलं फळ हातात घेतलं की दोन प्रश्न विचारा. याचं बी कोण नेतं? आणि हे पावसाच्या किती आधी पिकतं?

सावरीचं बघा. बोंडं तडकतात एप्रिल-मेच्या सुमाराला. वारा तापलेला, निम्मं रान पानं गाळून उभं, कापूस अडवायला वाटेत काही नाही. टेटूच्या हातभर शेंगेतल्या कागदी पंखांच्या बिया, ऐनाचं पाच पंखांचं फळ, कुड्याच्या जोडशेंगांतल्या शेंडीवाल्या बिया, ही सगळी वाऱ्याची माणसं. जांभळाचं तसं नाही. ते पिकतं मृगाच्या तोंडावर. पाखरं, वटवाघळं, उदमांजर, अस्वल आणि आपण, सगळे खातो, आणि बी पडतं तोवर जमीन भिजायला लागलेली असते. या बीला वाळणं सोसत नाही. वाळलं की मेलं.

इथे माझा एक सल आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बीजगोळे, म्हणजे आत बी भरून रानात टाकायचे मातीचे गोळे! मुलं चिखलात हात घालतात, लोक सुट्टीचा दिवस देतात, याचा मला आनंदच आहे. पण एका कार्यक्रमात गेल्या वर्षीच्या, डब्यात राखलेल्या जांभळाच्या बिया गोळ्यांत भरत होते. त्यातलं एकही रुजणार नव्हतं. सोबत गुलमोहर, म्हणजे मादागास्करचा, आणि सुबाभूळ, तीही अमेरिकेकडची. आणि हे गोळे टाकले कुठे, तर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर! मी अडवलं तर उत्तर आलं, "मोकळी जागा आहे सर, झाड आलं तर बरंच की."

मोकळी? जांभ्यावर जेमतेम वीतभर माती, आणि तिच्यात गेंद, सीतेची आसवं, कितीतरी गवतं. पावसाच्या चार महिन्यांत रुजायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, असं यांचं आयुष्य. यांना लख्ख ऊन लागतं. तिथे सुबाभळीनं मूळ धरलं तर सावलीत ही फुलं जगणार नाहीत, आणि तिच्या शेंगा वर्षानुवर्षं बी सांडत राहतील. सड्यावर झाड नाही, कारण तिथे झाड नसायचंच आहे. पेरायचंच असेल तर जांभूळ खाल्ल्यावर त्याच आठवड्यात, ओढ्याकाठी, तिथल्याच झाडाचं बी पेरा. गोळा लागत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा बाकीचं भराभर.

कारवी, आपल्या डोंगरउतारांवरचं झुडूप. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बोंडं झाडावरच वाळतात आणि पुढच्या वळवाचं पाणी लागलं की तडतड फुटतात. आत प्रत्येक बीखाली आकडा असतो, तो बी उडवतो. वाऱ्याची गरज नाही, पाखराची नाही.

कुसळी गवत. धनगरांना विचारा, मेंढीच्या लोकरीतून कातडीत कसं घुसतं ते. कुसळ ओलं झालं की उलगडतं, वाळलं की पिळतं, आणि त्या पिळानं बी जमिनीत शिरतं. आघाडा आणि गोखरू तुमच्या धोतरावर, मोज्यावर येतातच.

बांडगूळ. बी इतकं चिकट, की फुलटोच्या या चिमुकल्या पाखराला ते फांदीवर पुसूनच टाकावं लागतं. नेमकी तीच जागा बांडगुळाला हवी असते.

आणि धनेश, मोठ्या चोचीचा पक्षी. रानजायफळासारखं मोठ्या बीचं फळ गिळायला तेवढी चोच लागते. धनेशाला ढोलीसाठी जुनं, जाड झाड लागतं. ते तोडलं की धनेश जातो, आणि मग रानजायफळाची फळं धरतात, पिकतात आणि झाडाखालीच कुजतात.

नमुने टेबलावर मांडलेत. टेटू, ऐन, कुडा हातात घेऊन बघा. बिब्याला मात्र बोट लावू नका, उततो.