आई-बाबा कॅलिफोर्नियात आहेत? मग ही स्वस्तातली छोटी क्रूझ बघाच (पण आधी व्हिसाचं ऐका)

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतेय. मार्च उलटला की आपल्याकडे गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, प्रत्येक सोसायटीत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा अमेरिकेला निघालेले असतात, मुलाकडे नाहीतर मुलीकडे, चार-पाच महिन्यांसाठी. आणि तिकडे गेल्यावर महिन्याभरात सगळ्यांचं एकच होतं, मुलं दिवसभर ऑफिसच्या कामात, हे दोघं घरात, शनिवार-रविवार आला की मंदिर, मॉल, एखादा बीच. मग कुणीतरी म्हणतं क्रूझ करूया का, अलास्काचे रेट बघितले जातात, चार जणांचे सात रात्रींचे पैसे बघून विषय तिथेच मिटतो.

आज मी ज्या क्रूझबद्दल सांगणार आहे ती अलास्काला जाणारीच बोट असते बरं का, फक्त ती अलास्काच्या कामावर रुजू व्हायला निघालेली असते, तेव्हा तिच्यात बसायचं. याला म्हणतात रिपोझिशनिंग क्रूझ.

म्हणजे काय ते सांगते. लासलगावचा कांदा भरून ट्रक कोलकात्याला जातो, माल उतरला की ड्रायव्हर गाडी रिकामी आणत नाही, मिळेल ते रिटर्न भाडं घेतो, रेट कमी का असेना, कारण गाडी परत आणायचीच आहे आणि डिझेल जळायचंच आहे. इथे तोच हिशोब आहे. ही मोठी जहाजं हिवाळ्यात लॉस एंजेलिस, सॅन डिएगोवरून मेक्सिकोच्या फेऱ्या मारतात, काही हवाई, काही कॅरिबियन, आणि उन्हाळ्यात अलास्काचा सीझन असतो तो व्हँकुव्हर आणि सिएटलवरून चालतो. तर एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला ही जहाजं कॅलिफोर्नियातून वर उत्तरेकडे सरकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे परत खाली येतात. स्टाफ आहे, किचन चालू आहे, खोल्या आहेत, मग रिकामं का न्यायचं, म्हणून एका बाजूची तिकिटं विकतात. एका रात्रीपासून चार-पाच रात्रींपर्यंत. आणि आपले आई-बाबा तिकडे नेमके एप्रिल-मेमधेच पोचलेले असतात, म्हणून हा व्हिडिओ.

(स्क्रीनवर नकाशा)

हे बघा, हे लॉस एंजेलिस, हे सॅन फ्रान्सिस्को, हे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्य, आणि हे वर कॅनडातलं व्हँकुव्हर. आता तुम्ही म्हणाल की कॅनडात कशाला, सिएटलला सोडा ना आम्हाला, तिथून घरी यायला सोपं. तसं होत नाही. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट, त्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडू शकत नाही, आणि या सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी बहामा, बर्म्युडा, पनामा अशा ठिकाणांच्या झेंड्याखाली चालतात. म्हणून प्रवासाचं एक टोक कॅनडात असावं लागतं. यातून अजून एक गोष्ट निघते जी फार कुणी सांगत नाही, बोट मधे सॅन फ्रान्सिस्कोला थांबली आणि तुमची लेक तिथून तासाभरावर सॅन होजेला राहते, तरी तिथे बॅगा घेऊन उतरून घरी जाता येत नाही. फिरायला उतरा, संध्याकाळी परत बोटीवर या. बुकिंग करतानाच हे डोक्यात पक्कं करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. हा भाग पुढे ढकलू नका प्लीज.

आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की झालं काम. पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाला जायला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, अमेरिकेचा असला तरीही, आणि बोटीने जाताय म्हणून सूट नाही. व्हिसा नसेल तर बोटीवर चढूच देत नाहीत, चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि तिकिटाचे पैसे मिळत नाहीत. मुलगा-सून एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असतील तर त्यांनाही हा व्हिसा लागतो. ग्रीनकार्ड असेल तर नाही लागत, कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवायचे. माझं मत विचाराल तर नाशिकहून निघायच्या आधीच हे काम करून टाका, फॉर्म ऑनलाइन भरता येतो, बायोमेट्रिक द्यायला मुंबई किंवा पुण्याला एक चक्कर पडते, आणि मग किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो म्हणून हाताशी दोन-तीन महिने तरी ठेवा. व्हिसा हातात आला की मग बुकिंग. उलटं करू नका, रेट कितीही चांगला दिसला तरी.

परत अमेरिकेत शिरताना पुन्हा इमिग्रेशन होतं हेही लक्षात असू द्या. मुलाचा पत्ता, फोन नंबर, भारतात परतायचं तिकीट, हे सगळं कागदावर प्रिंट करून आईच्या पर्समधे ठेवा, फोन बंद पडला तर कागदच कामाला येतो.

पैशाचं बोलूया. साधी खिडकी नसलेली खोली, म्हणजे इनसाइड केबिन, अशा फेऱ्यांवर बऱ्याचदा माणशी एका रात्रीला शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याच्याही खाली दिसते. यात राहणं, तीन वेळचं जेवण, शो, सगळं आलं. पण जाहिरातीत जो आकडा दिसतो त्यावर टॅक्स आणि पोर्ट फी चढते, आणि मग ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची टीप म्हणून माणशी दिवसाला साधारण सोळा ते वीस डॉलर तुमच्या खात्याला आपोआप लागतात. रेट एका खोलीत दोन जण धरून असतो, एकटं माणूस असेल तर जवळपास दोघांचे पैसे भरावे लागतात, म्हणजे एकट्याच आलेल्या आजींसाठी हे तितकं स्वस्त राहत नाही, त्यांना नातवंडासोबत एका खोलीत ठेवा. बोटीवर रोख चालत नाही, कार्डला जोडलेलं खातं असतं, कोल्ड्रिंक घेतलं, फोटो घेतला, वायफाय घेतलं की सगळं तिथे जमा होतं. आणि फोन बोटीत पाय ठेवल्यावर एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतं आणि त्याचं रोमिंग भयंकर महाग असतं.

शिवाय हा प्रवास एका बाजूचा आहे, परतीचं तिकीट वेगळं. व्हँकुव्हरहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान साधारण अडीच तासांचं. ते भाडं मिळवूनच एकूण खर्च काढा, नुसत्या क्रूझच्या आकड्यावर खूश होऊ नका.

समुद्र कसा असतो हे नीट सांगते, कारण क्रूझ म्हटलं की डोळ्यासमोर स्विमिंग पूल, ऊन, गॉगल असं येतं. हे ते नाही. हा पॅसिफिकचा थंड किनारा आहे, मेमधेसुद्धा ओरेगॉनच्या समोर डेकवर दहा-बारा डिग्री आणि वर वारा, आणि वारा या भागात बहुतेक वायव्येकडून येतो म्हणजे उत्तरेकडे जाताना तोंडावर. लाटा लांबलचक आणि मोठ्या, बोट हळूहळू डुलते. कोलंबिया नदीचं मुख तिथे आहे, त्या पट्ट्याला पॅसिफिकचं स्मशान म्हणतात इतकी जहाजं तिथे पूर्वी बुडालीयत. आताच्या बोटींना तशी काळजी नसते पण पोटाला जाणवतं. म्हणून खोली घेताना सर्वात वरची नको, बोटीच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी. बाल्कनीवर जास्त पैसे घालायची मला तरी या रूटवर गरज वाटत नाही, गारठ्यात कोण बसणार, त्यापेक्षा खिडकीची खोली घ्या किंवा इनसाइड घेऊन वरच्या लाउंजमधे काचेजवळ बसा. उलटीची गोळी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, विशेषतः बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर, आणि आल्याच्या वड्या, आवळा सुपारी जवळ असू द्या. बोटीवर दवाखाना असतो पण त्याचं बिल तगडं असतं, आई-बाबांचा जो अमेरिकेचा इन्शुरन्स काढलाय तो कॅनडात आणि बोटीवर चालतो का ते एजंटकडून लेखी घ्या.

जेवण! यावर सगळ्यात जास्त प्रश्न असतात. शाकाहारी लोकांचे अजिबात हाल होत नाहीत. बुकिंग झालं की लगेच शाकाहारी किंवा जैन असं कळवून ठेवायचं, आणि पहिल्या रात्री डायनिंग रूममधे हेड वेटरला भेटायचं, ते दुसऱ्या दिवशीचा मेनू आधी दाखवतात. किचनमधे आणि सर्व्हिसला आपले लोक पुष्कळ असतात, गोव्याचे, मुंबईचे, त्यामुळे डाळ-भात, एखादी भाजी, विनंती केली तर बरेचदा होऊन जाते, पण आग्रहाने मागू नका, प्रेमाने मागा, ती मुलं दिवसाचे दहा-बारा तास राबत असतात. बाबांना चहा हवाच असतो, तर बफेमधे गरम पाणी आणि टी-बॅग कायम असते, आपला उकळलेला चहा नाही मिळत, म्हणून प्रीमिक्सची पाकिटं न्या. इलेक्ट्रिक किटली अजिबात नेऊ नका, आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या ती चढतानाच काढून घेतात, इस्त्रीसुद्धा. चिवडा नेताय तर दुकानाचं सीलबंद पाकीट, घरचे डबे नकोत, आणि व्हँकुव्हरला उतरताना फळं खिशात-पिशवीत ठेवू नका.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच देऊन टाकतात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीत येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट, स्वेटर हातातल्या पिशवीत. मग सेफ्टी ड्रिल असतं ते प्रत्येकाला करावंच लागतं. त्यानंतर मोकळे.

काही फेऱ्यांमधे सॅन फ्रान्सिस्को, ओरेगॉनमधलं अस्टोरिया, कॅनडातलं व्हिक्टोरिया असा एखादा थांबा असतो, काहींमधे काहीच नसतं, नुसता समुद्र. मी म्हणेन की सॅन फ्रान्सिस्को असलेली फेरी मिळाली तर तीच घ्या. गोल्डन गेट पूल गाडीतून सगळेच बघतात, १९३७ साली बांधून झालेला, पाण्यापासून साधारण ६७ मीटर उंच, आणि आपलं एवढं थोरलं जहाज त्याच्या खालून जातं तेव्हा अख्खी बोट वरच्या डेकवर येते, थंडी असो काही असो. तिथे अर्धा तास आधी जाऊन जागा धरा. आणि एप्रिल-मेमधे ग्रे व्हेल मेक्सिकोकडून अलास्काकडे याच किनाऱ्याने जात असतात, दुर्बीण असेल तर न्या, सकाळच्या वेळी पाण्यातून फवारा उडताना दिसू शकतो. ज्या काका-काकूंना सतत काहीतरी बघायला लागतं त्यांना समुद्राचे दोन दिवस लांब वाटतील हेही खरं, पण ज्यांना पत्ते, पुस्तक, गप्पा चालतात ते खूश असतात. काही वेळा सीझनची तयारी म्हणून रंगकाम, कार्पेट बदलणं चालू असतं, एखादा स्विमिंग पूल बंद असतो. चालायचंच.

एका रात्रीची व्हँकुव्हर-सिएटल फेरी फार स्वस्त दिसते, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी ती नाही सुचवणार, चढण्या-उतरण्याच्या रांगांमधेच सगळा वेळ जातो. तीन-चार रात्रींची घ्या.

व्हँकुव्हरला शिरताना पहाटे लायन्स गेट पुलाखालून बोट जाते आणि थेट शहराच्या मधोमध कॅनडा प्लेसला लागते, लवकर उठा. तिथून विमान घेणार असाल तर दुपारनंतरचं घ्या, अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हर विमानतळावरच होतं, त्याला वेळ लागतो. सिएटलला कुणी नातेवाईक असतील तर ॲमट्रॅकची ट्रेन आहे, साधारण चार तास, बराचसा रस्ता समुद्राच्या काठाने.

आणि ज्यांना अमेरिकेला जायचंच नाहीये त्यांच्यासाठी, आपल्याकडेही हा प्रकार आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करणारी बोट पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो म्हणून बंगालच्या उपसागराकडे जाते, २०२२ पासून चेन्नईहून फेऱ्या झाल्यात. त्या जाण्या-येण्याच्या आसपास, म्हणजे मे-जूनला आणि पावसाळा संपताना, कंपनीच्या वेळापत्रकात एका बाजूची फेरी आहे का ते बघत जा. आपल्या सरकारने परदेशी झेंड्याच्या क्रूझना भारतातल्या दोन बंदरांमधे माणसं न्यायची सूट दिलीय, त्यामुळे इथे कॅनडासारखी भानगड नाही. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडली की सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटं. फक्त बोटीची चेक-इनची वेळ आधी बघा, आणि पंचवटी लेट झाली तर काय म्हणून दुपारी लवकर सुटणारी बोट असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्कामाला जा.