पिकअप किती इंच उचलायची? आधी टायर, मग गिअर, लिफ्ट सर्वांत शेवटी

नमस्कार. फोर बाय फोर पिकअप घेतलेल्या माणसाला पहिला पावसाळा सरला की एकच प्रश्न पडतो : गाडी उचलायची आहे, तर किती इंच उचलू? आजच्या भागात या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, परंतु ते सर्वांत शेवटी, कारण किती इंच हे टायरवरून ठरते, आणि कोणता टायर पेलेल हे गिअरवरून ठरते. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी लिफ्ट किट, म्हणजे गाडीची चासी उंचावणारे सुटे भाग, बसते, मग मोकळ्या दिसणाऱ्या कमानीत मोठा टायर येतो, आणि गाडी घाटात दम टाकू लागली की गिअरची आठवण होते.

आपल्या कोल्हापूर भागातली एखादी पाणंद डोळ्यांसमोर आणा. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ये-जा करून दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधला उंचवटा तसाच राहिलेला असतो. पिकअप त्या चाकोरीत उतरते तेव्हा सर्वांत आधी टेकतो तो मागच्या एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफ्रन्शियलचे हाउसिंग. हा एक्सल सरळ चाकांना जोडलेला असल्यामुळे स्प्रिंगच्या वर असलेली चासी तुम्ही चार इंच उचला की सहा इंच, हाउसिंग जमिनीपासून होते तितक्याच उंचीवर राहते. लिफ्टमुळे चासी, पायदान, इंधनाची टाकी आणि पुढच्या-मागच्या बंपरचा कोन सुधारतो, आणि खडकाळ चढावर त्याचा उपयोग निश्चित होतो. मात्र पाणंदीतला तो उंचवटा चुकवायचा असेल तर एक्सललाच वर घ्यावे लागते, आणि नेहमीच्या बदलांपैकी ते काम मोठ्या टायरखेरीज दुसरे काहीही करत नाही.

आता आकडे पाहू.

(पडद्यावर : टायरच्या बाजूवरचा आकडा जवळून)

इसुझूच्या अनेक व्ही-क्रॉस पिकअपवर २५५/६० आर १८ या मापाचा टायर असतो. यातील २५५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १८ म्हणजे इंचांतली रिम. भिंत १५३ मिलिमीटर झाली, ती वर आणि खाली अशी दोनदा धरली आणि त्यात रिमचे ४५७ मिलिमीटर मिळवले, की व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर येतो. त्याऐवजी अनेकांच्या मनात असतो तो २८५/७० आर १७ घेतला, तर हाच हिशेब ८३१ मिलिमीटरवर जातो. फरक ६८ मिलिमीटरचा आहे, परंतु एक्सल त्याच्या निम्माच, म्हणजे ३४ मिलिमीटर वर येतो. एवढ्या खर्चात दीड इंचही पदरात पडत नाही हे ऐकून निराशा होते, याची मला कल्पना आहे. तरीही चाकोरीत टेकणे आणि निसटून जाणे यांत अनेकदा तेवढेच अंतर असते.

टायरच्या नक्षीबाबत माझे मत स्पष्ट आहे. मोठ्या ठोकळ्यांचा मड टायर दिसायला रुबाबदार असतो, पण पंचगंगेच्या काठची काळी माती ओली झाली की ती ठोकळ्यांच्या मधल्या खाचा भरून टाकते आणि वेग नसेल तर चाक स्वतःहून साफ होत नाही. शिवाय गगनबावड्याच्या पावसात, करूळ किंवा भुईबावडा घाटाच्या ओल्या डांबरावर, हाच टायर ब्रेक मारल्यावर अधिक लांब घसरतो. ज्याची गाडी आठवड्यातून सहा दिवस डांबरावर असते त्याने ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा, टायर घ्यावा आणि चिखलात उतरताना हवा ३५ वरून २० पीएसआयच्या आसपास आणावी. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायची असते, त्यामुळे कॉम्प्रेसर सोबत ठेवणे हा या कामाचाच भाग समजावा.

मोठ्या टायरची किंमत दुकानात जितकी चुकवावी लागते त्याहून अधिक गाडीला चुकवावी लागते. व्यास सुमारे ९ टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी तेवढी पुढे जाते. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ८७ असतो, आणि किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते. जमिनीवर मिळणारी ओढ सुमारे ८ टक्क्यांनी घटते, कारण तोच टॉर्क आता अधिक लांब त्रिज्येवर काम करतो. ब्रेकचेही तसेच आहे : डिस्क आणि कॅलिपर पूर्वीचेच, पण त्यांना थोपवायचे चाक मोठे आणि जड. भरल्या हौद्यासह आंबा घाट चढताना पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारी गाडी दुसरा मागू लागते, क्लच तापतो, आणि मालक इंजिनला दोष देतो.

यावरचा खरा उपाय क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफ्रन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, बदलणे हा आहे. समजा तुमच्या एक्सलचा रेशो, म्हणजे या दोन चाकांच्या दातांचे गुणोत्तर, ४.१० आहे, म्हणजे क्राऊनचे ४१ दात आणि पिनियनचे १०. मोठ्या टायरमुळे हाच रेशो ३.७७ असल्यासारखा वागू लागतो. पूर्वीची ओढ परत आणायची तर सुमारे ४.४६ हवा, तेवढाच नेमका मिळत नाही, परंतु ४१ दातांच्या क्राऊनला ९ दातांचा पिनियन दिला की ४.५६ होतो आणि तो मूळ वागणुकीपेक्षा किंचित जोरकसच ठरतो. ऑर्डर देण्यापूर्वी तुमच्या मॉडेलच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलसाठी तोच रेशो उपलब्ध आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. मागे ४.५६ आणि पुढे ४.१० ठेवून फोर बाय फोर लावले, तर दोन्ही एक्सल एकमेकांशी ओढाताण करतील आणि ती ओढाताण दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये किंवा पुढच्या डिफ्रन्शियलमध्ये काहीतरी मोडूनच थांबेल.

कोल्हापूरकरांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. उद्यमनगरातल्या लेथवर काय बनत नाही असे विचारावे लागते, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांनी ओतलेले सुटे भाग देशभर जातात, हे खरे आहे. तथापि क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते, आणि जोडीचा क्रमांक बहुधा दोन्हींवर कोरलेला असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला, की गाडी साठच्या वेगाला रडू लागते. बसवणारा मिस्त्रीही निवडून घ्यावा. दातांना रंग लावून, क्राऊन फिरवून, रंगाचा ठसा दाताच्या मध्यभागी पडतो का हे तो पाहतो का, आणि डायल गेज लावून दातांमधली मोकळीक मोजतो का, हे स्वतः उभे राहून पाहा. ही मोकळीक साधारणपणे मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांश भागाइतकी असते. ती हाताने हलवून कळत नाही.

ज्यांना गिअर बदलणे परवडत नाही, त्यांनी टायरचे माप आवरते घ्यावे. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ मापाहून फरक दोन टक्क्यांच्या आतच राहतो. आणि ज्यांचे कठीण काम केवळ फोर लो मध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सर्वांत हळू आणि जोरकस गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने होते, त्यांना ही घट तितकी जाणवणारही नाही.

टायर ठरला की मगच लिफ्टचे माप निघते : स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि एक चाक पूर्ण दाबले गेल्यावर टायर कुठे घासत नाही, इतके. माझ्या मते डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मनी चाक धरणाऱ्या, पुढच्या सस्पेन्शनला ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड ते दोन इंच, ही शहाणपणाची मर्यादा आहे. स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या, डोक्यावर ठेवायच्या स्पेसरचा, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकतीचा, एक हिशेब लोक विसरतात. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसलेला असल्यामुळे २० मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी जवळपास ४० मिलिमीटरचा होतो. लेथवर हौसेने ५० मिलिमीटरचा स्पेसर काढून घेतला, तर पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सीव्ही जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट त्यांच्या कोनाच्या बाहेर जातात, रबरी बूट फाटतात आणि अलाइनमेंट कोणत्याही यंत्रावर जुळत नाही. स्पेसरपेक्षा योग्य रेटिंगचे स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉक ॲब्सॉर्बर केव्हाही श्रेयस्कर.

मागे पाटे असतात. पाट्याचे टोक चासीला जोडणारे शॅकल लांब लावल्यास वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते. एक्सल आणि पाटा यांच्या मध्ये ठेवायचा ब्लॉक स्वस्त पडतो, पण जोर लावताना एक्सल पाट्यांना पिळतो आणि हा पीळ ब्लॉकच्या उंचीबरोबर वाढतो. एकावर एक दोन ब्लॉक तर कधीही रचू नयेत. वाढीव पाटा किंवा पूर्ण नवा संच हा योग्य मार्ग आहे. स्टिअरिंगच्या आणि सस्पेन्शनच्या कोणत्याही भागाला वेल्डिंग लावू देऊ नका, मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सोयीस्कररीत्या टाळली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. राधानगरी अभयारण्यात किंवा मसाई पठाराच्या गवतावर चाके नेण्यासाठी तर कोणतीही तयारी समर्थनीय नाही.

काम पूर्ण झाल्यावर ब्रेकचे होज पूर्ण लोंबत्या चाकावर ताणले जात नाहीत ना, हे जॅकवर पाहून घ्या. मागच्या एक्सलवर वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी नव्या उंचीनुसार जुळवावी लागते, अन्यथा रिकाम्या आणि भरल्या गाडीचे ब्रेक वेगवेगळे वागतात. हेडलाइट खाली करून घ्या. एक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमधून नवी थरथर येत असेल तर पिनियनचा कोन तपासा. एक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, आणि नव्या क्राऊन-पिनियनवर तेवढे अंतर ओझे न ओढता, मधे थांबत, गोळा थंड होऊ देत चालवून डिफ्रन्शियलचे तेल बदला. निघालेल्या तेलात चुंबक फिरवून बारीक पूड आली तर ती अपेक्षितच आहे, दाताचा तुकडा आला तर गाडी तिथेच उभी करा.