पाचट कुजतं म्हणजे नेमकं काय होतं

मगाशी चहाला एकांनी विचारलं, सर, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं पुरली की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणारा ऊस, पिवळा पडतो, मग पेटवलेलं काय वाईट? तर पेटवलं की त्यातलं नत्र (नायट्रोजन) धुरातून जातं, पालाश (पोटॅश) तेवढा राखेत उरतो. पण पिवळं पडतं हे खरंय, नाकारत नाही मी.

हिशोब बघा. एक टन वाळलेल्या पाचटात कार्बन साधारण 400 किलो आणि नत्र जेमतेम 4 किलो, म्हणजे शंभराला एक. जिवाणूंना पाहिजे पंचवीस-तीसला एक. मग कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून ओढतात, उसाच्या आधी पंगतीला तेच बसतात. ते नत्र कुठं पळून जात नाही बरं का, त्यांच्या अंगात प्रोटीन होऊन बसतं, ते मेले की परत मिळतं, पण तोवर खोडव्याची फुटण्याची वेळ निघून गेलेली असते की हो. म्हणून तर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कंपोस्ट कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, टाका म्हणतात. 8 किलो युरियातून पावणेचार किलोच्या आसपास नत्र मिळतं, शंभराचं झालं पन्नास. बाकीचं काम जिवाणू करतात, कार्बन जाळून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, नत्र बरंचसं तिथंच राहतं आणि शेवटी प्रमाण पंधरा-वीसवर येतं. पाचटाचा ढीग लावून कुजवलं तर ढीग निम्मा बसला म्हणून लोक हळहळतात, अहो तो कार्बन हवेत गेला म्हणून तर खत झालं!

आता खाण्याचा क्रम. आधी साखर, स्टार्च, सोपा माल. त्यात थोडी आम्लं तयार होतात, मग प्रोटीन फुटून अमोनिया सुटतो आणि ढीग आंबटाचा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, होतो. याच दिवसांत आत साठ डिग्री, लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, हातात धरवत नाही. मग सेल्युलोज. ती ग्लुकोजचीच लांबलचक माळ, पण जिवाणूच्या तोंडात मावत नाही, म्हणून तो एन्झाइम, म्हणजे पाचक रस, बाहेर सोडतो, बाहेरच तुकडे करतो आणि मग विरघळलेली साखर आत घेतो.

सगळ्यात चिवट लिग्निन, पाचटाचा ताठपणा त्याचाच. ते फोडतात मुख्यतः बुरशा, त्याही ढीग निवल्यावर, आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. दाबून, चिखल करून ठेवलंत तर हे काम अडतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. लिग्निनचे उरलेले तुकडे नत्राला धरून काळे होतात, तोच ह्यूमस, म्हणजे जमिनीतला काळा कुजलेला भाग.

झालंय की नाही कसं ओळखायचं? मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाचा वास आला तर टाका शेतात, नाक चुरचुरलं किंवा आंबूस आलं तर अजून एकदा ढीग वरखाली करा.