इसाराच्या दिवशीच बोलून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

संत्र्याच्या आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाचे, सौदे सुरू झाले, की मोर्शी-वरुड, काटोल-नरखेडच्या बागांमध्ये व्यापाऱ्यांच्या मोटारसायकली दिसू लागतात. व्यापारी दोन-चार ओळी फिरतो, फळ हातात घेऊन पाहतो, धुऱ्यावर बसून चहा होतो आणि इसाराचे पैसे निघतात. रक्कम ठरते. मग एक वाक्य हमखास येतं, ‘बाकीचं पाहून घेऊ ना भाऊ, घरचंच आहे.’ तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करतो आहे. सौद्याचे जे वाद माझ्यापुढे आले, त्यातले बहुतेक या ‘बाकीच्या’तून निघालेले आहेत.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांनी बगीचा ठोक विकला. व्यापाऱ्याच्या वहीत लिहिलं होतं, ‘तोड दिवाळीच्या आसपास.’ त्या वर्षी बाजार पडला. दिवाळी गेली, व्यापारी फिरकला नाही. माल झाडावरच राहिला, गळू लागला. ओझं उशिरापर्यंत वागवून झाडं थकली, पुढच्या बहाराला नीट फुललीच नाहीत. डिसेंबर सरता सरता तो आला, तो इसार परत मागायला. वडील म्हणाले, ‘इसार कायचा? माह्यं वर्ष गेलं!’ तो म्हणाला, ‘मी कुठं तारीख देल्ली होती?’ त्या एका ‘आसपास’साठी आम्ही सहा वर्षं तारखा केल्या. दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी सौदाही करारच असतो, पण तो सिद्ध करताना माणूस थकून जातो. म्हणून चिठ्ठी करा. झाडं किती, तोड कोणत्या तारखेपर्यंत, त्या तारखेला माल उचलला नाही तर दुसऱ्याला विकायची मोकळीक आहे का, चुरी, म्हणजे बारीक फळ, कोणाची, तोपर्यंत राखण कोणाची, इसार केव्हा परत आणि केव्हा बुडीत, हे सगळं त्यात येऊ द्या. आणि गारपीट झाली तर नुकसान कोणी सोसायचं, तेही. हे विचारायला माणूस कचरतो, अभद्र बोलल्यासारखं वाटतं. पण नाव काढल्याने गारा पडत नाहीत. दोघांच्या सह्या झाल्या की त्याच संध्याकाळी चिठ्ठीचा फोटो एकमेकांच्या व्हॉट्सअॅपवर टाका.

तरीही वाद झालाच तर? गारपिटीनंतर असेच दोघं माझ्याकडे आले होते. शेतकऱ्याला पूर्ण रक्कम हवी होती, व्यापारी सौदाच मोडायला निघाला होता. मी म्हटलं, नोटीस नंतर, आधी बागेत चला. गळलेलं फळ आठ दिवसांत सडतं आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. दोघांना मान्य असलेले शेजारचे एक जुने बागायतदार, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, त्यांना सोबत घेतलं. दर दहावं झाड धरलं. काकाजी खालची फळं ढीग करून मोजायचे, वरची डागी वेगळी धरायचे, मी कागदावर मांडायचो. पाचव्या झाडापर्यंत दोघं तावातावाने बोलत होते. विसाव्या झाडाशी दोघंही वाकून काकाजींसोबत फळं मोजत होते. आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर तयार झाला होता, त्यामुळे त्यावर भांडायला जागा उरली नाही. रक्कम तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली, तोड पंधरा दिवसांत, पैसे दोन हप्त्यांत.

अशी तडजोड तोंडावर सोडू नका. कोर्टात दावा नसला, तरी दोघांच्या संमतीने प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. अपील नाही, म्हणूनच सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या झाल्या. तिथे मिटलेला व्यवहाराचा वादसुद्धा असाच लोकअदालतीत नोंदवून घेतलेला बरा.

हप्ते म्हटले की समोरच्याची ऐपत पाहावी लागते. १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेले गांधीजी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत वकील होते. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोन नातेवाईक व्यापाऱ्यांमध्ये ४०,००० पौंडांचा दावा चालला होता. गांधीजींनी दोघांना लवादासाठी राजी केलं. दादा अब्दुल्ला जिंकले, ३७,००० पौंड आणि खर्च मिळायचा ठरला. एवढे पैसे एकदम दिले असते तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं. मग गांधीजींनी आपल्याच पक्षकाराला लांब मुदतीचे हप्ते घ्यायला तयार केलं. लवादापेक्षा हे काम त्यांना जास्त जड गेलं. मलाही जिंकणाऱ्याची समजूत घालणंच जास्त जड जातं.

लवाद नेमायचा असेल तर तो लेखी ठरवावा लागतो, आणि १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे त्याचा निवाडा बांधील असतो. म्हणून समोरच्याच्या पदरी असलेला माणूस लवाद म्हणून मान्य करू नका. क्रेट किंवा अवजारं बनवणाऱ्या लहान उद्योजकांचेही पैसे अडकतात; त्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवावी. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याने त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. थकले तर त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते, आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. ‘पुढच्या बहारात देतो’ असं कोणी म्हटलं, तर मुदत संपण्याआधी ते त्याच्या सहीने, तारखेसह लिहून घ्या. तिथून मुदत नव्याने मोजली जाते.

लोकअदालतीची पुढची तारीख तालुका विधी सेवा समितीत कळेल, ती तालुक्याच्या कोर्टातच असते. १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावरही विचारता येतं. जाताना चिठ्ठी, इसाराची नोंद आणि बागेचे फोटो सोबत ठेवा. नमस्कार.