दोन वर्षं की सत्तर वर्षं?

बंधुभगिनींनो, बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन माहीत नाही असं ख्रिस्ती घर नसेल, कॅलेंडरवर असतं, सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो. मलाही ते वचन फार जवळचं आहे. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे आणि बाकीचं पत्र आपण वाचतच नाही. नबुखद्नेस्सराने ज्यांना पकडून बाबेलला नेलं त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याचं हे पत्र गेलं, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात सांगितलंय की सत्तर वर्षं लागतील. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेच जण तिकडेच मरणार. तोवर काय करायचं, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा.

आता 28 वा अध्याय उघडा. तिथं हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे, त्याचा मेसेज एकदम पॉझिटिव्ह, दोन वर्षांत सगळं परत येणार, मंदिरातली भांडी, राजा, माणसं, सगळं. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर जू होतं ते हनन्याने सगळ्यांसमोर काढून मोडून टाकलं, लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि यिर्मया तर आधी आमेन म्हणतो, देव असंच करो म्हणतो, त्यालाही लोकांचं भलंच हवं होतं. पण देव तसं बोललाच नव्हता.

असाच पॉझिटिव्ह मेसेज आपल्या काळातही आला. अमेरिकेत रॉबर्ट शुलर या पाळकांनी 1955 मध्ये कॅलिफोर्नियात ड्राइव्ह-इन थिएटरच्या स्नॅक बारच्या छतावर उभं राहून उपासना घ्यायला सुरुवात केली, लोक गाडीत बसून ऐकायचे, मग 1980 मध्ये भलंमोठं काचेचं चर्च झालं, टीव्हीवरून आवाज जगभर गेला. खचलेल्या माणसाला धीर द्यायची त्यांची तळमळ खरी होती. पण सगळा जोर आत्मसन्मानावर गेला आणि पाप म्हणजे देवाविरुद्ध बंड हे बोलणं मागे पडलं. मग मला सांगा, क्षमा कशाची मागायची आणि वधस्तंभ कशासाठी होता?

आपल्याकडे पण आता तेच चाललंय, कन्व्हेन्शनमध्ये बघा, यूट्यूबवर बघा, हे वर्ष तुमच्या आशीर्वादाचं, प्रमोशन येतंय, व्हिसा येतोय, टाळ्या आणि आमेन. आणि ज्याचा आजार बरा होत नाही त्याला सांगतात तुझा विश्वास कमी पडला. आधीच किमो घेऊन थकलेल्या माणसाच्या डोक्यावर हे आणखी ओझं, याचा मला खरंच राग येतो.

प्रेषित पौलाचा विश्वास कमी होता का? शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे, आजाऱ्याच्या घरी जाताना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा हा 12 वा अध्याय वाचायला घ्या, तिथं देवाने नाही म्हटलंय पण पौलाला सोडलेलं नाही.