227 नंतरची शांतता

फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने, एफटीपीने, सर्व्हरवर लॉगिन झालं. पासवर्ड बरोबर. स्क्रीनवर सर्व्हरच्या उत्तराची एक ओळ उमटते: 227, आणि पुढे कंसात सहा आकडे. 192, 168, 1, 10, 195, 80. त्यानंतर काहीच नाही. फोल्डरमधल्या फाइल्सची यादी येत नाही, आणि थोड्या वेळाने कनेक्शन तुटतं.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी ही शांतता अनेकदा अनुभवली आहे.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल 1971 चा. तो लिहिला एमआयटीत शिकणाऱ्या अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या विद्यार्थ्याने. अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कवर, तेव्हा मोजकीच यंत्रं होती, आणि कोणतंही यंत्र दुसऱ्याला थेट गाठू शकत होतं. त्या जगात एफटीपीने दोन वाटा धरल्या. एकीवरून हुकूम, दुसरीवरून फाइल. हुकमांचं पोर्ट, म्हणजे यंत्रावरचं क्रमांकाचं दार, 21 ठरलेलं. फाइलसाठी मात्र दरवेळी नवी जोडणी, आणि तीही सर्व्हरने उलट क्लायंटकडे, म्हणजे लॉगिन करणाऱ्या यंत्राकडे, करायची.

पुढे नॅट, म्हणजे राउटरने पत्ते बदलण्याची सोय, आलं. अख्खं ऑफिस एकाच सार्वजनिक पत्त्याआड गेलं. बाहेरून आलेली जोडणी आतल्या कुणाची, हे राउटरला कळेना. फायरवॉल तर तिला दारातच अडवू लागली. मग पॅसिव्ह मोड कामी आला: सर्व्हर पोर्ट सांगणार, क्लायंट तिथे जाणार.

227 ची ओळ म्हणजे सर्व्हरचं हेच सांगणं. आता ते सहा आकडे पुन्हा पाहा. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट: 195 गुणिले 256, अधिक 80. बरोबर 50000. पहिले चार म्हणजे पत्ता, आणि घोळ तिथेच आहे. 192.168 ने सुरू होणारा पत्ता खाजगी. इंटरनेटवरून तिथे पोचताच येत नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता भरायचा राहिलाय. तो भरला, तरी पॅसिव्ह पोर्ट फायरवॉलवर उघडावे लागतातच.

काही राउटर हे आकडे वाचून स्वतःच दुरुस्त करतात. पण पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून एफटीपीएस, म्हणजे एफटीपीचं कूटबद्ध रूप, लावलं, की हुकूमही कूटबद्ध होतात आणि राउटरला ते वाचता येत नाहीत. सुरक्षेची काळजी घेणाऱ्यालाच हा त्रास सोसावा लागतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

एसएफटीपी ही फाइल पाठवण्याची वेगळी, सुरक्षित पद्धत. तिचं सगळं काम पोर्ट 22 वरच्या एकाच जोडणीतून होतं. क्रोम आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये एफटीपी काढूनही टाकलं. पण कारखान्यातल्या जुन्या यंत्राला, कोपऱ्यातल्या स्कॅनरला दुसरी भाषाच येत नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवायचं, एकाच सर्व्हरपर्यंत जाऊ द्यायचं, आणि तिथून पुढे फाइल एसएफटीपीने पाठवायची.